अठरा मिनिटं आणि एक अख्खी रात्र

'टेडएक्स' म्हणजे काय हे आपल्या कॉलेजमध्ये आता कुणाला सांगावं लागत नाही. लाल गोल गालिचा, गालाला चिकटलेला माईक आणि जास्तीत जास्त 18 मिनिटं! 1984 साली अमेरिकेत 'टेड' सुरू झालं. 2006 पासून त्यातली भाषणं इंटरनेटवर फुकट दिसू लागली आणि 2009 पासून लायसन्स घेऊन आपापल्या गावात, कॉलेजात तसाच कार्यक्रम करायची सोय झाली. वक्त्याला मानधन द्यायचं नाही हा नियम. म्हणजे हॉल मिळवा, स्पॉन्सर गाठा, वक्त्यांच्या मिनतवाऱ्या करा... सगळं पोरांनीच.

यंदा आमच्या कमिटीने दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला एक वक्ता शोधायला सांगितलं. बाकीच्यांची नावं दोन दिवसांत तयार. एक स्टार्टअपवाला, एक गिर्यारोहक, एक आर.जे. मी मात्र सडक अर्जुनीला, मामाकडे. नागपूर-रायपूर हायवेवरची ती 'सडक' अर्जुनी, दुसरी मोरगावची. दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नट स्वतः गातात, समोर ऑर्गन आणि तबला. कंपन्या बहुतेक वडशाच्या, पण कार्यक्रम उभा करतं ते गावातलं मंडळ. कंपनीला ॲडव्हान्स देणं, मंडप, तिकिटं, गाडीवर भोंगा लावून प्रचार, सगळं मंडळाची पोरं बघतात. घरोघरी पाहुणे उतरतात, त्यात सोयरिकीसुद्धा जुळतात. (हे आपल्या फेस्टमध्ये अधिकृतपणे होत नाही!)

माझा मामेभाऊ अशा एका मंडळाचा सेक्रेटरी. वय माझ्याएवढंच. मी त्याला आमच्या कार्यक्रमाचं सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "तिकीट विकली नाही त पैसे कोन भरते?" आमच्या कमिटीत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग 18 मिनिटांचं ऐकून तो हसायलाच लागला. "अठरा मिंटात त आमची नांदी बी होत नाही बे!"

त्या रात्री मी नाटक कमी आणि त्याला जास्त पाहिलं. दोन वाजता थंडी वाढली, मागची माणसं चुळबुळायला लागली. हा आत जाऊन काहीतरी बोलून आला, आणि पुढचा विनोदी प्रवेश आधी आला. लोक परत सरसावून बसले. प्रेक्षक कधी सुटतो आणि त्याला परत कसं धरायचं, हे या पोराला कळतं. मी ठरवलं, माझा वक्ता हाच.

कमिटीत विचारलं गेलं, "त्याची अचीव्हमेंट काय?" मी झाडीपट्टीबद्दल सांगितलं. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी, हेही सांगितलं. लगेच दोघं म्हणाले, मग त्यांनाच विचारू! खुणेंबद्दल मला आदर आहेच, पण पद्मश्री मिळाल्यावर आपण बोलावणार असू, तर ते शोधायचं काम सरकारने आधीच केलंय. आपण काय शोधलं?

दुसरा मुद्दा भाषेचा. 'टेडएक्स'मध्ये इंग्रजीची सक्ती नाही, जगभर लोक आपापल्या भाषेत बोलतात. तरी एक जण म्हणाला, "ऑडियन्सला झेपेल का?" मी स्वतः कॉन्व्हेंटचा. मला झाडीबोली अर्धीच येते, आणि तरी ती अख्खी रात्र मला झेपली होती. आपल्या हॉलमध्ये बसणारे निम्मे तर विदर्भातलेच आहेत, घरी फोनवर ते कोणत्या भाषेत बोलतात ते होस्टेलच्या गॅलरीत रोज ऐकू येतं.

शेवटी 'बघू' वर आलं. हो म्हणवून घेतलं तरी अजून एक अडचण आहेच. आमचा कार्यक्रम जानेवारीत, आणि त्याने निरोप दिलाय, "जानेवारीत शंकरपट हाय, त्याचं नाटक माह्यावर हाय. होळीनंतर ठेवा, मंग येतो." तारीख बदलायचा अर्ज मी दिला आहे. गुरुवारी मीटिंग.