गोठ्याच्या गावचे हायस्कूल

वाचकहो, अमेरिका म्हटली की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे आभाळाला टेकलेल्या इमारती उभ्या राहतात. मीही मनात तेच चित्र घेऊन गेलो होतो. पण मला तिथे सर्वांत आधी काय दिसले असेल? एका गाईची समाधी!

त्याचे असे झाले. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता माझ्या मेहुण्याकडे पंधरा दिवस राहून आलो. तो न्यूजर्सी राज्यात प्लेन्सबरो नावाच्या गावी असतो. खेड्यातल्या माणसाला पहाटे जाग येतेच. फिरायला निघालो तो 'वॉकर-गॉर्डन फार्म' अशी पाटी दिसली. शेतीखात्यात उभी हयात गेलेला माणूस, पाय आपोआप तिकडे वळले. आत जाऊन पाहतो तर नांगर नाही, गोठा नाही, शेणाचा वाससुद्धा नाही! एकसारखी टुमदार घरे आणि कातरलेले गवत. त्या वसाहतीत एल्सी नावाच्या जर्सी गाईच्या आठवणीचा दगड आहे. बोर्डेन नावाच्या दूध कंपनीच्या जाहिरातीतली ही गाय. १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोक तिला पाहायला गर्दी करीत. १९४१ साली ट्रकच्या अपघातात ती जबर जखमी झाली आणि तिला इथे पुरले.

ही जागा म्हणजे एके काळची नामांकित डेअरी. १९३० साली इथे 'रोटोलॅक्टर' नावाचे यंत्र बसले. आपल्याकडच्या जत्रेतला आडवा पाळणा डोळ्यांसमोर आणा. तसा एक मोठा गोल फिरता ओटा, त्यावर एका वेळी ५० गाई. गाय ओट्यावर चढली की तिची कास धुतली जाई, पुसली जाई, मग यंत्राने धार काढली जाई, आणि चक्कर पुरी होते न होते तोच गाय खाली उतरे. हे सारे हेन्री जेफर्स नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघाले. शाळांच्या सहली हा देखावा पाहायला येत. माझ्या तालुक्यात दूध संघाचे शीतकरण केंद्र आले तेव्हा आम्हांला केवढे अप्रूप वाटले होते! इथे त्याच्या कितीतरी आधी गाई चक्रावर बसून फिरत होत्या.

१९७१ साली ही डेअरी बंद पडली. आणि १९७३ साली शेजारच्या वेस्ट विंडसर गावात दोन्ही गावांच्या सामाईक हायस्कुलाची घंटा वाजली. दोन वर्षांचे अंतर. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही, पण गावाचे पीक बदलले ते साधारण या सुमारास.

आकडे बोलके आहेत. १९७० च्या शिरगणतीत प्लेन्सबरोची वस्ती १,६४८, म्हणजे आपल्याकडचे मध्यम खेडेच. १९९० मध्ये ती १४,२१३ झाली आणि २०२० मध्ये २४,०८४. कारण सोपे आहे. प्रिन्स्टन जंक्शन हे रेल्वे स्टेशन वेस्ट विंडसरमध्येच आहे आणि तिथून गाडीने न्यूयॉर्क गाठता येते. नोकरदार आले, घरे आली, घरांमागून मुले आली. एक हायस्कूल पुरेना म्हणून १९९७ साली प्लेन्सबरोत दुसरे काढले. जुने ते 'साउथ', नवे ते 'नॉर्थ'. नववी ते बारावी असे चार वर्ग. नवे हायस्कूल ज्या रस्त्यावर आहे त्याला ग्रोव्हर्स मिलचे नाव आहे. हे ग्रोव्हर्स मिल म्हणजे तेच ठिकाण, जिथे मंगळावरची माणसे उतरली असे एक नाटक १९३८ साली रेडिओवर झाले आणि ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांची घाबरगुंडी उडाली. मंगळावरून कोणी आले नाही. आले ते आमच्या मेहुण्यासारखे लोक!

आता तुम्ही विचाराल, या शाळेत प्रवेश कसा मिळतो? फी नाही, देणगी नाही, कुणाची चिठ्ठी नाही. गावच्या हद्दीत तुमचे घर असले की झाले, मग ते भाड्याचे का असेना. पण इथेच खरी मेख आहे. ही सरकारी शाळा मुख्यतः गावच्या घरपट्टीवर चालते. न्यूजर्सीत २०२३ साली एका घराची सरासरी घरपट्टी ९,८०३ डॉलर होती आणि तिचा मोठा हिस्सा शाळेकडे जातो. शाळा चांगली म्हणून घरांना भाव, घरांना भाव म्हणून शाळेला पैसा. फी नाही म्हणायची, पण ती घराच्या किमतीत मुरलेली असते.

कारभार पाहतात नऊ जण. त्यांना गावकरी मते देऊन निवडतात, पाच वेस्ट विंडसरचे आणि चार प्लेन्सबरोचे. पगार शून्य. सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि कोणीही उठून बोलू शकतो. आपल्या ग्रामसभेत शाळेच्या खर्चावर अशी चर्चा कितीदा होते, हे तुम्हीच आठवून पाहा.

आणि शेती? ती अगदीच नाहीशी झालेली नाही. मका उभा दिसला, भोपळ्यांचे ढीग दिसले. त्या राज्यात १९६४ पासून एक कायदा आहे. निदान पाच एकर जमीन खरोखर कसली आणि ठरावीक उत्पन्न विकून दाखवले, की पट्टी बसते ती शेतीच्या किमतीवर, बिल्डरच्या भावावर नाही. जमीन बिगरशेती केली तर त्या वर्षाचा आणि मागच्या दोन वर्षांचा फरक वसूल होतो. शिवाय सरकार शेतकऱ्याकडून घरे बांधण्याचा हक्क तेवढा विकत घेते. जमीन त्याचीच राहते, पण तिथे पुढे कायम शेतीच. शहराकडेच्या आपल्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तरीही पुष्कळांनी विकली. एकराला मिळणारा पैसा पाहिला तर त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

माझी भाची त्या शाळेत अकरावीला आहे. सकाळी पिवळी बस येते. बस थांबून तांबडे दिवे लुकलुकले की दोन्ही बाजूंच्या मोटारी जागच्या जागी थांबतात. मूल उतरून पलीकडे जाईपर्यंत कुणी चाक हलवीत नाही. मी रोज ते पाहायला फाटकाशी उभा राहत असे.

पण रात्री अकरा वाजता तिच्या खोलीत दिवा असे. 'ए.पी.' म्हणून कॉलेजच्या तोडीचे विषय असतात, ते तिने चार घेतले आहेत. एकदा जेवताना तिने विचारले, "आतोबा, तुम्हांला बारावीला किती होते?" मी म्हणालो, "बासष्ट टक्के." मेहुण्याला ठसका लागला. पोरगी मात्र खुदकन हसली. त्या पंधरा दिवसांत ती एवढी एकदाच मोकळी हसली.

नंतर मेहुण्यानेच सांगितले. २०१५ साली इथले शिक्षणप्रमुख डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिले होते. आधीच्या एका वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणी करून घ्या असे सुचवावे लागले होते. चाळीस मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. म्हणून त्यांनी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा रद्द केल्या आणि काही रात्री गृहपाठाविना ठरवल्या. त्यावर गाव दुभंगले. तिथली निम्म्याहून अधिक मुले आशियाई घरांतली. त्यांतल्या बऱ्याच पालकांचे म्हणणे, आम्ही कष्ट करून इथवर आलो, आता शिक्षण पातळ का करता? इतर पुष्कळांचे म्हणणे, मुलांना जरा श्वास घेऊ द्या.

"तू कुणाच्या बाजूने होतास?" मी विचारले. मेहुणा थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "तेव्हा ती लहान होती. मी परीक्षांच्या बाजूने होतो." आत्ताचे त्याने सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. त्याला बोल लावण्याचा मला अधिकारही नाही. माझा धाकटा लातूरला खोली करून बारावीच्या शिकवणीला राहिला आहे, आणि त्या खोलीचे भाडे नि शिकवणीची फी भरण्यासाठी मी रस्त्याकडेचे दोन एकर विकले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्सीच्या दगडाशी बसून मी त्याला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ. चाचणीत किती पडले ते विचारले, भौतिकचे का कमी झाले ते विचारले, आणि फोन ठेवला. मग आठवले, जेवलास का हे विचारायचे राहूनच गेले. तेवढ्यासाठी पुन्हा लावला.