घरगुती खरखर

ज्या दोषाच्या निवारणार्थ यंत्रशास्त्रज्ञांनीं आपलीं आयुष्यें वेंचलीं, तोच दोष पैसे मोजून विकत घ्यावयास तरुण मंडळी बाजारांत जातात, हें ऐकून कोणाही जुन्या श्रोत्यास हंसूं यावें. ध्वनिवर्धकानें सूर जसाच्या तसा मोठा करावा, त्यांत पदरचें कांहीं घालूं नये, एवढीच आमची त्या यंत्राकडून अपेक्षा. सध्यांच्या रॉक संगीतांतला गिटारवादक नेमकें उलट मागतो. त्याला सुरावर खरखर हवी असते, आणि ती चढविणारी एक डबी तो पायाशीं ठेवतो. तिला पेडल म्हणतात. पायानें कळ दाबली कीं गोड तार डरकाळी फोडते.

बीडास आमच्या पुतण्यानें अशा तीन डब्या घरींच तयार केल्या. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लींतून आणलेले. डाख देण्याचें काम माळवदावरच्या खोलींत झालेलें. तयार परदेशी पेडलच्या किमतींत घरचा महिन्याचा किराणा येतो, हें आमच्या वडील बंधूंचें मत त्यानें निमूटपणें ऐकलें होतें. एप्रिलांत अंबाजोगाईस मित्रमंडळींच्या मैफलींत त्यास वाजवावयाचें होतें. तिन्हींपैकीं एकही डबी कामाची न निघाल्यास गिटार विकून टाकावी, असा बंधूंचा हुकूम होता. परीक्षक आम्ही. "काका, तुमचा कान हवा, आवड नको," असें पुतण्या म्हणाला. तंबोऱ्यापुढें वाढलेल्या माणसास ही अट घालणें वाजवीच होतें.

परंतु तंबोऱ्याच्या माणसानें या प्रकरणीं नाक मुरडण्याचें तरी काय कारण? जवारी म्हणजे काय? घोडीचा माथा कारागीर अशा बेतानें घासतो कीं, तार तिच्यावर निसटती टेंकून थरथरावी. मग सुताचा दोरा सारून तिचा झणकार उघडावयाचा. मिरजेच्या कारागिरांची बरीचशी कीर्ति या घासण्यावर उभी आहे. गोंधळ्याचें तुणतुणें (आणि योगेश्वरीच्या अंबाजोगाईस तें कोणाला नवें?) निर्मळ नादाचा दावा कधींच करीत नाहीं. विजेच्या वाद्यास मात्र ही गोष्ट अपघातानें सांपडली. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण नॅशव्हिल येथें चाललें असतां यंत्राचा एक भाग बिघडला, व ग्रेडी मार्टिनच्या मंद्र गिटारीचा सूर घोगरा उमटला. तो तसाच ठेवला गेला. आणि १९६२ सालीं तो घोगरेपणा डबींत भरून विक्रीस आला.

डबींत घडतें तें असें. तारेची लहर प्रथम फुगवावयाची, आणि ती ठराविक उंचीवर पोंचली कीं तिचा शेंडा उडवावयाचा. आमच्या जिल्ह्यांतला ऊसतोड्या कोयत्याच्या एका घावासरशीं वाढें उडवितो तसा. शेंडा गेला कीं सुरांत नवे उपस्वर भरतात.

पहिली डबी दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची. १९६६ सालच्या लंडनच्या फझ फेसवरून उतरलेली. पहाटे ऐकली तेव्हां तिचा नाद काकवीसारखा दाट होता, आणि आमचें मन तिच्यावर बसलें. त्याच दिवशीं दुपारीं, पारा चाळिसाच्या वर असतां, तिचा आवाज फाटून तुटूं लागला. उष्णता चढली कीं जर्मेनियममधून वीज गळते व सारा तोल जातो. लंडनच्या हवेंत हें खपत असेल, बीडांत नाहीं. दुसरी डबी फारच सौजन्यशील. ती शेंडा छाटीत नाहीं, नुसता वांकविते. तिच्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं.

तिसरींत ७४१ क्रमांकाची चिप व सिलिकॉनचे दोन डायोड. सुमारें ०.६ व्होल्टवर लहर कापली जाते, दयामाया नाहीं. पुतण्यानें तीवर प्रथम भरगच्च स्वरमेळ वाजविला तेव्हां खडीच्या गाडींतून खडी ओतल्यासारखें झालें. मग त्यानें गांधार गाळला, केवळ षड्ज-पंचम धरला, आणि आम्ही सरसावून बसलों. कारण उघड होतें. अशा डबींत दोन सूर शिरले कीं त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे सूर जन्मास येतात. षड्ज-पंचमाचें प्रमाण दोनास तीन; वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्जच. संतति घरांतलीच राहते. गिटारीच्या पडद्यांवरला गांधार मुळांत किंचित् चढा, त्याची प्रजा कोणाशीं जुळत नाहीं. रॉकवाले म्हणूनच तो वगळतात. आमच्या तंबोऱ्यांतही गांधाराची तार नसते; जोड व पंचम नीट मिळाले तर तो आपण होऊन येतो.

तिसरी डबी आम्हीं निवडली, पण दोन अटींवर. तिच्या वरच्या सुरांस पत्र्याची धार होती. ती बोथट करण्यासाठीं पुतण्यानें डायोडांस समांतर असलेला कंडेन्सर काढून जरा मोठा बसविला. आणि साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबींत घरांतल्या विजेची पन्नास कंपनांची गुणगुण शिरत होती, म्हणून सारा संसार पत्र्याच्या डबींत हलवून ती डबी जमिनीच्या तारेशीं जोडली. बंधूंनीं दारांत उभें राहून ऐकलें. संगीताविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, "बाजारांतल्याला आणि याला फरक काय?" एवढेंच विचारलें, व गिटार विकण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं.

पहिली डबी मोडून तिचे भाग दुसरीकडे वापरण्याचा पुतण्याचा विचार होता. तो आम्हीं होऊं दिला नाहीं. पौषांत पहाटे तिला पुन्हां एकदां ऐकावयाचें आहे.