हिवाळ्यातलं जुन्नर

जुन्नरला लोक पावसाळ्यात जातात. नाणेघाटात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायचा, भिजायचं, गाडीतली गाणी मोठ्याने लावायची आणि कांदाभजी खाऊन परतायचं. खरं तर सातवाहनांच्या काळातल्या एखाद्या व्यापाऱ्याला हा बेत सांगितला असता, तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं. पावसाळ्यात घाट चढायचा? समुद्र खवळलेला, गलबतं बंदरात, पायवाटा शेवाळलेल्या. पाऊस उघडून वारं फिरलं की सोपारा-कल्याणकडचा माल बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटमाथ्याच्या दिशेने निघायचा. म्हणजे जुन्नरचा खरा हंगाम हिवाळा. हे मी नवऱ्याला पटवून दिलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "तिथे गरम पाणी मिळेल ना?"

आम्ही राहतो कल्याणला. त्यामुळे वाट जुनीच, फक्त चढण वेगळी. नाणेघाट पायी चढायचं वय आणि गुडघे दोन्ही मागे पडले, म्हणून मुरबाडवरून माळशेज. घाट संपला आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसलं, तशी काच खाली केली. कल्याणच्या हवेत न सापडणारी एक कोरडी, बोचरी थंडी आत आली. ओतूरला चहा घेतला. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी इथलीच. दर्शन घेऊन जुन्नरचा रस्ता धरला.

मुक्काम गावाबाहेर एका मळ्यात होता. मालक द्राक्षबागायतदार, घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधलेल्या. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून अशी घरं वाढली आहेत. मालकांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, आल्याआल्या पहिला नियम सांगितला : "ताई, दिवस मावळला की अंगणाच्या बाहेर जायचं नाही. उसात वाघ आहे." वाघ म्हणजे बिबट्या. धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्याने घर केलं. पिल्लंही तिथेच होतात. पकडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी जवळच माणिकडोहला निवारा केंद्र आहे. इथल्या माणसांना बिबट्याचं कौतुक नाही. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, आणि मग त्याच उसात बॅटरी घेऊन पाणी धरायला जावं लागतं.

आमच्यासारख्यांना मात्र या नियमाने एक वेगळीच चैन मिळाली. सात वाजता अंगणात शेकोटी पेटली आणि जाण्यासारखी जागाच उरली नाही. टीव्ही नाही, फेरफटका नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या दोन माणसांनी एका घोंगडीवर बसून करायचं काय? आधी मुलांविषयी बोलून झालं, मग कर्जाच्या हप्त्यांविषयी, आणि हे दोन्ही विषय संपल्यावर बऱ्याच दिवसांनी नुसत्याच गप्पा झाल्या. वहिनींनी हुरडा आणला. ज्वारीची कोवळी कणसं आरात भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून दिलेले हिरवे दाणे आणि सोबत लसणाची चटणी. जेवायला मासवडी होती. नावात मासा असला तरी ती पक्की शाकाहारी : बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबिरीचं सारण भरून तिला माशासारखा आकार देतात, वड्या कापतात आणि झणझणीत काळ्या रश्शाबरोबर वाढतात. बाजरीची भाकरी त्यात कुस्करायची. नवऱ्याने तिसऱ्यांदा रस्सा मागितला आणि गरम पाण्याचा विषय कायमचा मिटला.

मालक, म्हणजे दादा, मात्र शेकोटीपाशी बसूनही सारखे मोबाईलवर तापमान बघत होते. थंडी आम्हाला हवी होती, त्यांना नको होती. ऑक्टोबरात छाटणी केलेल्या बागेत आता मणी फुगत होते. पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, पाणी उतरायला लागलेले घड असतील तर मणी तडकतात. मग पहाटे बागेत जागोजागी धूर करायचा, पाणी सोडायचं. "तुम्हाला गुलाबी थंडी," ते हसून म्हणाले, "आम्हाला ती औषधाच्या बिलात दिसते." त्यानंतर मी थंडीचं कौतुक जरा हळू आवाजात केलं.

सकाळी शिवनेरी. सात दरवाज्यांची वाट, शिवाई देवीचं देऊळ, वर गंगा-जमुना टाकी. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजीमहाराजांचा जन्म झाला ती वास्तू बघताना सगळे आपोआप आवाज उतरवतात. पण मला दर वेळी खटकते ती पुढची गोष्ट. महाराजांचा जन्मगड महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६५७ मध्ये त्यांच्या माणसांनी रात्री दोरांवरून तटावर चढून खालचं जुन्नर शहर लुटलं, घोडे आणि होन नेले. वरचा गड मोगलांकडेच राहिला. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबईहून इथे आला होता, मोगल सुभेदाराच्या घरी इलाज करायला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री आहे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. अंबरखान्याच्या पडक्या भिंतींजवळ उभं राहिलं की ते वाक्य खरं वाटू लागतं. त्याच्याही आधी, १४९० मध्ये, मलिक अहमदने बहमनींपासून फुटून निजामशाही मांडली ती याच जुन्नरात. अहमदनगर नंतरचं.

दुपारून लेण्याद्री. गिरिजात्मजाच्या दर्शनाला सुमारे तीनशे पायऱ्या चढतात आणि बहुतेक लोक गणपतीला हात जोडून तसेच उतरतात. शेजारचं चैत्यगृह रिकामं असतं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि ती कुणा एका राजाने कोरून घेतलेली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. यवन म्हणून स्वतःची ओळख लिहिणाऱ्या इरिलाने टाकी खोदून दिली, चिताने भोजनमंडप दिला. एका शकाने करंजाची आणि वडाची झाडं लावायला जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. आणि कल्याणच्या सघक नावाच्या सोनाराने एक टाकं दिलं. "आपल्याकडचा!" नवरा एकदम म्हणाला. शिवाजी चौकातल्या एखाद्या पेढीवाल्याचं नाव ऐकावं तसा त्याला आनंद झाला. घाट चढून थकून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं, हे त्या सोनाराला ठाऊक असणार. पुतळा नाही, तोरण नाही, पाणी.

नाणेघाट मी राखून ठेवला होता. चावंडच्या बाजूने घाटघरला जाणारा रस्ता, उजव्या-डाव्या हाताला भाताची कापलेली खाचरं, समोर जीवधनचा कडा. पावसाळ्यात इथे गाडी लावायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडायची असं सगळे सांगतात. तिथून फरसबंद वाट दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरते आणि थोड्याच अंतरावर गुहा लागते.

बाहेरून ती साधी पडवीसारखी दिसते. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं, दोन हजार वर्षांहून जुनी, ओळीमागून ओळी. नागनिका राणीने केलेल्या यज्ञांची आणि दानांची ही नोंद मानतात : अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं. आकडेही कोरले आहेत. आपल्या अंकांच्या पूर्वजांचे फार जुने नमुने म्हणून अभ्यासक इथे येतात. राणीचा पती सातकर्णी गेलेला. महिना महिना उपास करणारी, घरात राहूनच तापसीसारखी जगणारी, असं तिचं वर्णन त्याच भिंतीवर आहे. विधवा बाई राज्य सांभाळते आणि नवऱ्याबरोबर केलेल्या सगळ्या खर्चाचा हिशेब अशा जागी मांडते, जिथून प्रत्येक व्यापाऱ्याला जावंच लागेल. जाहिरातीची याहून चांगली जागा अख्ख्या दख्खनेत नव्हती.

मागच्या भिंतीवर या घराण्याचे पुतळे होते. आता एकही नाही, कुठेकुठे पावलांच्या खुणा तेवढ्या. वर नावं मात्र शाबूत : सिमुक सातवाहन, कुमार भाय, राणीचे वडील महारठी, कुमार हकुसिरी. या रांगेत नवराबायकोचं नाव एकत्र आहे आणि त्यात आधी देवी नायनिका, म्हणजेच नागनिका, मग राजा सिरी सातकर्णी. मी ते बोटाने दाखवलं, भिंतीला हात न लावता.

"आधी तिचं?" नवरा म्हणाला.

"आधी तिचं."

तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. "आपल्या दारावरच्या पाटीचं काय करायचं मग?"

"बदलायची. दगडात नको, पितळेची चालेल."

बाहेर कड्यावर बसून आम्ही शिदोरी सोडली. खाली कोकणचा मुलूख धुरकट निळा, आणि त्या धुरकटपणात कुठेतरी कल्याण. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशीही ते दिसत नाही, पण इथून उतरणाऱ्यांना दिशा तीच होती.

निघताना वहिनींनी तिळाच्या वड्या बांधून दिल्या. दादा बागेतून हातात एक कच्चा घड घेऊन आले, मणी हिरवे आणि दगडासारखे टणक. "फेब्रुवारीत या," म्हणाले, "तेव्हा माल गोड झालेला असेल. तोडा चालू असतो, स्वतःच्या हाताने घड तोडा."

"शिवजयंतीलाच येतो," नवरा उत्साहाने म्हणाला.

"तेव्हा नका येऊ," दादा म्हणाले. "गडाखाली माणूस मावत नाही, गाडी कुठं लावणार? त्याच्या आधल्या आठवड्यात या. आणि येताना कल्याणहून तापमानाची चांगली बातमी घेऊन या."