व्याह्यांच्या सोप्यावरील संघ

आम्ही लोधीखेड्याचे, पोळ्यास तोरणाखाली कोणाची जोडी पुढे राहावी, यावर रात्र घालविणारे. फुटबॉलात आम्हांस गती नाही. परंतु 2020 साली टाळेबंदीमुळे लेकीकडे फोंड्यास राहणे घडले. एफसी गोवाचे सराव शिबिर तोंडावर आले होते आणि आमचे व्याही व त्यांचे शेजारी दिवेलागणीनंतर सोप्यावर रोज नवा संघ मांडीत.

प्रशिक्षक लोबेरा मुंबई सिटीकडे गेले होते. त्याच वाटेने फाल, जाहू, बुमूसही गेले. त्यांचे दुःख आठ दिवसांचे. वाद पेटे तो मंदार राव देसाईंवरून. संघाच्या पहिल्या वर्षापासून, 2014 पासून, डावी कड सांभाळणारा हा गोव्याचाच मुलगा. शेजारी म्हणत, त्याचे नाव काढू नका. व्याही म्हणत, ‘‘तो आमचोच न्हय?’’ एके संध्याकाळी शब्द इतके चढले, की शेजारी चहा टाकून उठले ते फिरकलेच नाहीत.

आम्हांस गोटमार आठवली. जाम नदीच्या एका तीरी पांढुर्णा, दुसऱ्या तीरी सावरगाव. ज्याने बिऱ्हाड पलीकडे नेले तो कोणाचा, हे आमच्याकडे तरी कोठे सुटले आहे?

महासाथीमुळे त्या हंगामाचे सारे सामने गोव्यातच, पण प्रेक्षकांविना झाले. मार्च 2021 मध्ये उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यास पेनल्टींवर 6-5 असे हरविले. तेव्हा आम्ही पुन्हा फोंड्यास होतो. अंतिम सामन्याच्या रात्री व्याह्यांनी दार मुद्दाम उघडे ठेविले. शेजारी पायरीपर्यंत आले.

‘‘मंदार दिसता?’’ त्यांनी बाहेरूनच विचारले.