बॅटरीला दोष देण्यापूर्वी

कणगी रिकामी दिसली, की सुज्ञ गृहिणी लगेच नवी कणगी विकत आणीत नाही. ती स्वतःला तीन प्रश्न विचारते. कणगीच फुटली आहे काय? शेतातून धान्य आलेच नाही काय? की रात्री उंदीर धान्य पळवितात? मोटारसायकलची बॅटरी बसली, की मात्र हा विवेक आपण विसरतो आणि दुकानात पैसे मोजून मोकळे होतो.

धार जिल्ह्यातील बाग हे गाव प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी आणि ठशांनी छापलेल्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. तेथे काही दिवस राहण्याचा योग मला आला. शेजारी कापड छापणारा एक तरुण राहत असे. त्याच्या पत्नीचे दिवस भरत आले होते, आणि रात्री-अपरात्री कुक्षीला दवाखान्यात जाण्यास मोटारसायकल हाच त्यांचा आधार होता. गाडीला किक नव्हती आणि सेल्फचे बटण दाबले, की नुसती टिकटिक होई. बिचाऱ्याने मजुरीतून नवी बॅटरी बसविली. दहाव्या दिवशी तीही निजली. अखेर एका वृद्ध मिस्त्रीने मीटर लावला. मी जवळ बसून पाहत होतो.

१२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ही १२ च्याही खाली होती, म्हणजे जवळजवळ रिकामी. मिस्त्रीने ती बाहेरून चार्ज केली आणि सेल्फ मारून पाहिला. त्या क्षणी आकडा ९.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरी अशक्त समजावी. हिने तग धरला. कणगी फुटकी नव्हती.

तिसरी कसोटी निर्णायक ठरली. इंजिन वेगाने फिरत असता बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावयास हवेत. १५ च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते. येथे वेग वाढवूनही आकडा १२.४ च्या पुढे सरकेना. शेतातून धान्यच येत नव्हते!

मिस्त्रीने मॅग्नेट कॉइलच्या तीन तारांचा कपलर सोडविला आणि इंजिन चालू ठेवून दर दोन तारांमधील एसी व्होल्टेज मोजले. तिन्ही वेळा आकडा सारखाच आला. कॉइल निर्दोष होती. दोष त्या कपलरमध्येच सापडला. पावसाचे पाणी शिरून त्याची एक पिन गंजली व जळाली होती. अल्प किमतीचा नवा कपलर बसताच मीटरवर १४.१ दिसू लागले.

उंदीर शोधण्याची रीतही त्याने सांगितली. चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मध्ये मीटर जोडून प्रवाह मोजावा. तो काही मिलिअँपियरहून अधिक असेल, तर कोठेतरी वीज गळते आहे. मीटर जोडलेला असता सेल्फ मात्र मारू नये.

वाचकहो, दुकानदार नवी बॅटरी पुढे करील, तेव्हा आधी या तीन प्रश्नांची उत्तरे मीटरकडून घ्या. गरिबाच्या घरचा पैसा वाचेल, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, नडीच्या रात्री गाडी दगा देणार नाही.