पाहुण्यांची गादी

पलंगाखालून केर काढताना बारीक तपकिरी भुकटी निघायला लागली. आज झाडावी, तर उद्या पुन्हा आहेच. आधी वाळवीचा संशय आला. पलंग ओढून टॉर्च मारून पाहिलं, तर लाकूड ठणठणीत. झिजत होती ती गादी. काथ्यावर रबराचं दूध फवारून, दाबून केलेली, हप्त्यांवर घेतलेली. रबर वाळून कडक झालं की काथ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. मधला खड्डा तर केव्हाचाच पडला होता. नवरा म्हणाला, "आता एकदाच काय ती चांगली घेऊ. लॅटेक्सची."

चांगली गादी म्हटलं की मला माळ्यावरचं गाठोडं दिसतं. सावरीच्या कापसाची, जुन्या नऊवारीत बांधलेली पाहुण्यांची गादी. मुंबईचे काका आले की ती खाली उतरायची, ते गेले की वर जायची. आई सतरंजीवर दोन गोधड्या टाकून झोपायची. "मला मेलं मऊवर झोपच लागत नाही," म्हणायची. मऊवर झोपून बघायची वेळ तिच्यावर कधी आली होती, हे तिला कुणी विचारलं नाही.

आमच्या रोजच्या गाद्या मात्र साध्या कापसाच्या. दोन-तीन उन्हाळ्यांनी पिंजारी यायचा. अंगणात गादी उसवून दगडासारखे झालेले गोळे बाहेर काढायचा आणि पिंजणीच्या तातीवर ठोका घालायचा. त्याच्या पापण्या, कान, मिशा पांढऱ्या होत आणि मूठभर कापसाचा ढीग व्हायचा. किलोभर नवा कापूस घालून, दाभणाने टाके मारून तीच गादी संध्याकाळी पुन्हा टम्म. आजीच्या लग्नातला थोडा कापूस आमच्या अंगाखाली नक्की असणार.

लॅटेक्सला पिंजारी लागत नाही. दुकानात विचारत सुटल्यावर बरंच कळलं. एका दुकानाने 'लॅटेक्स' म्हणून दाखवलेल्या गादीत वरचा इंचभर थर तेवढा लॅटेक्सचा, खाली सगळा साधा फोम. म्हणून खोळीला चेन असेल तरच पुढे बोलायचं. उघडून बघायचं, सगळा थर एकसारखा आहे का, साच्यातल्या खिळ्यांची भोकं दिसतात का. डबल बेडची सहा इंची खरी गादी तीस-पस्तीस किलो भरते, एकट्याने उचलवत नाही. पण नुसत्या वजनावरही जाऊ नये, कारण खडूची पूड मिसळूनही वजन वाढवतात. बोटाने घासल्यावर पीठ सुटलं की समजायचं. घनमीटरला सत्तर-ऐंशी किलोच्या आसपासची घनता असली, तर गादी लवकर बसत नाही.

लॅटेक्स म्हणजे शेवटी रबराचं दूधच, तेव्हा आता हेन्री विकहॅमला मध्ये आणणं भाग आहे. या इंग्रजाने 1876 मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. उगवल्या तीन हजारांच्या आत. त्यांची रोपं सिलोनला गेली, आणि 1902 मध्ये केरळात पेरियारकाठी मळा उभा राहिला. पुढे 1929 च्या सुमारास डनलॉपच्या माणसांनी रबराचं दूध स्वयंपाकघरातल्या यंत्राने फेटून फेस केला आणि तो साच्यात वाफवला. गादीचं शास्त्र निघालं ते अंडी फेटायच्या यंत्रातून! आज आपल्या दोडामार्गातही केरळहून आलेल्यांनी रबर लावलंय. तिथे पहाटेच्या अंधारात सालीला तिरकी चीर देतात. गारव्यात झाडातला दाब जास्त असतो, दूध भराभर उतरतं. ऊन चढलं की ओघ मंदावतो.

उन्हाशी या गादीचं पुढेही पटत नाही. कापसाला वाळवणासारखं गच्चीवर टाकलं की तो हलका होतो. लॅटेक्सला ऊन लागलं की ते पिवळं पडतं, चिरतं, भुगा होतं. सावलीत ठेवायची, खाली फटी असलेल्या फळ्या द्यायच्या, अधूनमधून डोक्याची बाजू पायांकडे फिरवायची. मी दोन सुटे थर असलेली निवडली. एक बसला तर तेवढाच बदलता येतो. पिंजाऱ्याची तेवढी एक गोष्ट मला हवी होती.

"मॅडम, वीस वर्षं बघायला नको," दुकानातला मुलगा म्हणाला. माझं वय साठीपलीकडे. वीस वर्षं म्हटल्यावर आईचा तेरावा आठवला. शय्यादानासाठी नवी कोरी गादी आणली होती. जाड, झुळझुळीत खोळीची, वर उशी, चादर, शेजारी छत्री आणि चपला. भटजींचा मुलगा ती रिक्षात कोंबत होता, गादी दर वेळी उसळून बाहेर येत होती. आईच्या नावाने आयुष्यात पहिल्यांदा घरात आलेली गादी, आणि ती दुपारच्या आत दाराबाहेर. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. काकांचा आला, बाबांचा आला, माळ्याचासुद्धा आला. अजून पुरता उतरलेला नाही.

दिवाळीला नणंद आणि तिचे यजमान यायचे आहेत. परवा नवरा चाचरत म्हणाला, "त्यांना आपली खोली देऊ या का? नवी गादी आहे, बरं दिसेल."

मी म्हटलं, "हॉलमधला सोफा उलगडला की ऐसपैस होतो. चादर मात्र चांगली घालीन."