पाठीराखा

मराठीत 'पाठ' या अवयवावर पुष्कळ वाक्प्रचार आहेत. शाबासकी द्यायची तर पाठ थोपटायची, मदत करायची तर पाठीशी उभे राहायचे, दगा द्यायचा तर पाठीत खंजीर खुपसायचा. लढाईतून पळाला, तो पाठ दाखवून पळाला. या सगळ्या गर्दीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'पाठीराखा' हा शब्द. भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, तेव्हा तिच्या मनात हाच शब्द असतो. वारकऱ्याला विठोबा पाठीराखा वाटतो. जिथे आपली नजर पोचत नाही, तिथे आपल्यासाठी कोणाची तरी नजर जागी आहे, हा केवढा मोठा दिलासा या चार अक्षरांत साठवलेला आहे!

गेली अठरा-वीस वर्षे मी हा शब्द वर्गात शिकवत आले आहे. उदाहरण विचारले, की मुली भावाचे देतात, मुले देवाचे देतात आणि एखादा धीट विद्यार्थी आमदाराचे देतो. मग वर्गात हशा पिकतो. माझ्या मनात मात्र दर वेळी एक वेगळेच उदाहरण येते. ते आहे दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेक्या विमानाच्या शेपटीत बसणाऱ्या गनरचे. 'पाठीराखा' या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका अक्षरशः कोणीच जगला नसेल.

कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या मराठीच्या प्राध्यापिकेला विलायतेतल्या बाँबफेक्या विमानाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते आमच्या गावापासून चार-सहा मैलांवरच्या वळिवड्यातून जाते. पण आधी त्या माणसाची बसायची जागा तरी पाहू या.

लँकेस्टर हे त्या काळच्या रॉयल एअर फोर्सचे सर्वांत नावाजलेले बाँबफेके विमान. त्यात सात माणसे असत. वैमानिक, इंजिनियर, मार्ग काढणारा, बाँब टाकणारा आणि बिनतारी संदेश पाहणारा हे पाच जण पुढच्या भागात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सहावा विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात. आणि सातवा या सगळ्यांपासून दूर, अगदी शेपटीच्या टोकाला, चार मशीनगनी लावलेल्या एका फिरत्या बुरुजात. त्याचे तोंड सदैव मागे. विमान शत्रूच्या मुलखात शिरे, ते त्याला दिसत नसे. आपण कुठून आलो, एवढेच दिसे. सोबत्यांचा आवाज कानावरच्या यंत्रातून येई, पण आठ-आठ, नऊ-नऊ तास एकाही माणसाचा चेहरा त्याच्या दृष्टीस पडत नसे.

थंडी अशी, की पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरे. विजेच्या तारा विणलेला गरम पोशाख अंगावर असे. त्या तारा बिघडल्या, तर हातापायांची बोटे गेलीच म्हणून समजावे. तरीही अनेक गनरांनी आपल्या बुरुजाची समोरची काच काढून टाकली होती. कारण काचेवरचा एखादा ठिपका आणि अंधारातले शत्रूचे विमान यांतला फरक ओळखायला क्षणभर उशीर झाला, तरी सातही जणांचा कारभार आटोपला असता. अधिक नीट दिसावे म्हणून माणसाने बोचरे वारे तोंडावर घ्यावे, हे राखणदारीचे केवढे विलक्षण रूप!

बुरूज इतका अरुंद, की हवाई छत्री पाठीला बांधून आत बसणे बहुतेकांना जमत नसे. ती मागच्या बोगद्यात टांगलेली असे. विमान पेटले, तर बुरूज सरळ करायचा, पाठीमागची दारे उघडायची, छत्री ओढून छातीला अडकवायची, बुरूज पुन्हा आडवा फिरवायचा आणि पाठमोरे कोसळायचे. आग इतका वेळ देई का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या जागेची आणखी एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. गनर बहुधा साधा सार्जंट असे. वैमानिक पुष्कळदा त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा. पण शेपटीतून आरोळी आली, की 'डावीकडे मार बुडी!', की वैमानिकाने 'का?' असे विचारायचे नाही. त्याच क्षणी ते अजस्र विमान गिरक्या घेत खाली झोकून द्यायचे. ज्याला मागचे दिसते, त्याचा शब्द त्या घटकेला अखेरचा. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत ही रीत पाळली गेली, तर किती अपघात टळतील!

आणि तरीही उत्तम गनर तो, ज्याला गोळी झाडावी लागली नाही. आपण होऊन गोळी झाडणे म्हणजे अंधारात आपला ठावठिकाणा सांगणे. तीस फेऱ्यांची पाळी पुरी करूनही शत्रूवर एकदाही मशीनगन न चालवलेले गनर होते. त्यांच्या नावावर पराक्रम कोणता मांडावा? सहा माणसे घरी परतली, हाच. पण परतणे सर्वांच्या नशिबी कुठले! ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिक होते. त्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. १९४३ मध्ये जर्मन विमानांनी वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसवल्या आणि ती पोटाखालून येऊ लागली. खालचे ना घुमटातल्याला दिसे, ना शेपटीतल्याला. डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्यालाही एक आंधळी बाजू असतेच.

आपल्या हवाई दलातही असे पाठमोरे बसणारे जवान होते. १९४४ साली आराकान आणि आसामच्या आघाडीवर सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनची 'व्हेंजन्स' विमाने लढत होती. त्यांत माणसे दोनच. वैमानिक आणि त्याच्या मागे, उलट्या दिशेला तोंड करून बसलेला गनर. हे विमान जवळजवळ उभे खाली झेपावून बाँब टाकी. वैमानिकाच्या डोळ्यांपुढे धरणी वर येत असे आणि गनरच्या डोळ्यांपुढे आभाळ दूर जात असे. पुढच्या माणसाचा हात चुकणार नाही, या विश्वासावर तो त्या कड्यावरून उलटा उतरत असे.

आता वळिवडे. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीला हे छोटे स्टेशन लागते. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे ५,००० पोलिश माणसांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला चढवला आणि सतरा तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. पाठीत खंजीर म्हणजे काय, हे त्या देशाला शब्दकोशात पाहावे लागले नाही. पूर्व पोलंडातली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहिली. १९४२ मध्ये ही सेना आणि तिच्याबरोबरची कुटुंबे इराणात उतरली. तिथे वाटा फुटल्या. पुरुष आघाडीवर गेले. बायकामुलांपैकी काही कराचीमार्गे आमच्या पंचगंगेच्या काठी आली. कौलारू बराकी, शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, असे एक छोटे पोलंडच वळिवड्याच्या माळावर वसले.

आघाडीवर गेलेल्या त्या पुरुषांपैकी काही जण विमानदलासाठी इंग्लंडला रवाना झाले. तिथे पोलिश बाँबफेक्या तुकड्या १९४० पासून लढत होत्या. त्यांतली तीनशे नंबरची स्क्वाड्रन १९४४ च्या एप्रिलपासून लँकेस्टर विमाने उडवू लागली. शेपटीतल्या बुरुजात आता असे तरुण बसू लागले, ज्यांचे गाव नकाशावर होते पण हातात नव्हते आणि ज्यांचे आप्त सैबेरिया, इराण, आफ्रिका, हिंदुस्थान असे चहूकडे पांगले होते. तो पाठीमागे पाहत राखण करी, पण त्याच्या पाठीमागे घरच उरले नव्हते.

त्या तरुणाची खरी कसोटी १९४५ च्या फेब्रुवारीत लागली. याल्टाची परिषद ११ तारखेला संपली आणि दोस्त राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकल्याचे जाहीर झाले. वळिवड्यातल्या बहुतेक स्त्रियांची गावे कागदावरच्या एका रेघेने परकी झाली. जनरल अँडर्स यांनी आपली सेना आघाडीवरून मागे घेण्याची भाषा केली. अखेर पोलिश सैनिक लढत राहिले. १३ तारखेच्या रात्री तीनशे नंबरच्या स्क्वाड्रनची विमाने ड्रेस्डेनच्या मोहिमेत होती. ज्यांनी आपले घर देऊन टाकले, त्यांच्याच लढाईत त्यांच्या खांद्याला खांदा लावून हे लोक पुन्हा उडाले.

आणि ड्रेस्डेन! त्या बाँबवर्षावात सुमारे २५,००० माणसे मेली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती, पूर्वेकडून पळून आलेले निर्वासित होते. वळिवड्यात होती तशीच माणसे, फक्त वेगळी भाषा बोलणारी. बाँब पडल्यावर विमान वळते, सहा जण परतीच्या वाटेला लागतात. शेपटीतला गनर मात्र त्या आगीकडेच तोंड करून बसलेला असतो. शंभर मैलांवरूनही दिसणारा तो जाळ मावळेपर्यंत पाहत राहणे, हे त्याचे कामच. आपल्या सहा भावांची पाठ राखताना आपण कोणत्या कृत्याची पाठ राखली, हा प्रश्न त्या जाळाने त्याला विचारला असेल काय? ज्याच्या देशाची राजधानी जर्मनांनी आदल्याच वर्षी बेचिराख केली, त्याच्याकडून आपण कोणत्या उत्तराची अपेक्षा करावी? मला न्याय देता येत नाही. पण पाठीराखा हा शब्द शिकवताना त्या जाळाकडे डोळेझाक करणे मला अप्रामाणिक वाटते. राखण करणारा हातही कोणाच्या तरी घरावर पडत असतो, हे युद्धाचे सर्वांत मोठे पाप होय.

युद्ध संपले. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचे संचलन झाले. ब्रिटनच्या बचावाच्या लढाईत गाजलेल्या अवघ्या पंचवीस पोलिश वैमानिकांना बोलावणे होते. बाकीच्या आपल्या बांधवांना वगळले म्हणून तेही गेले नाहीत. बाँबफेक्या विमानांच्या शेपटीत गोठलेल्यांना तर बोलावणेच नव्हते. १९४८ पर्यंत वळिवड्याची छावणीही रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला. जिथे आपला माणूस सापडला, तिथे. काहींची थडगी कोल्हापुरातच राहिली.

कोल्हापूर ही गोष्ट अगदीच विसरलेले नाही. महावीर उद्यानापाशी त्या पाहुण्यांचे एक स्मारक आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथेही २०१७ सालापासून कोल्हापूरच्या नावाचा एक स्मृतिफलक उभा आहे. आणि वळिवड्याच्या माळावर त्या बराकींच्या जागी फाळणीने घरदार गमावलेले सिंधी बांधव येऊन राहिले. तेच आजचे गांधीनगर. दिवाळीच्या कापडखरेदीसाठी आपण बायका तिथल्या दुकानांत घासाघीस करतो. त्या जमिनीवर एका पिढीच्या बायकांनी पाच वर्षे टपालाची वाट पाहिली, हे साडीच्या पदराची बुट्टी पाहताना कोणाच्या ध्यानात यावे?

पाठीराख्याचे एक दुःख मात्र कोणत्याच फलकावर कोरता येणार नाही. ज्यांची पाठ तो राखतो, त्यांचे चेहरे राखणीच्या वेळी त्याला दिसत नाहीत. आणि त्यांनाही तो दिसत नाही. म्हणून त्याचे आभार मानायचे राहून जातात. यंदा भाऊबीजेला ओवाळून झाले, की घरात आपल्या पाठीमागे कोण जागे असते, तेवढे एकदा वळून पाहावे. बहुधा ती आईच असेल.